घटिकापात्र आणि कॅमेरा

घड्याळे घरोघरी आली नव्हती त्या काळी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र लावीत असत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी तरंगत सोडायची; वाटीच्या बुडाला एक बारीक छिद्र. त्या छिद्रातून पाणी हळूहळू आत चढे, आणि वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटे झाली असे समजत. छिद्राचे तोंड दुप्पट मोठे केले तर वाटी साधारण निम्म्या वेळात बुडेल. तोंड निम्मे केले तर दुप्पट वेळ लागेल. वाटीच मोठी घेतली तर भरायला पाणी अधिक लागेल, हेही उघडच आहे. छायाचित्रणात ज्याला ‘एक्स्पोजर’ म्हणतात आणि ज्याच्या नुसत्या नावानेच पुष्कळ लोक भांबावून जातात, तो विषय मुळात या वाटीपलीकडचा नाही. पाण्याच्या जागी प्रकाश धरावा. बुडाच्या छिद्राच्या जागी भिंगामागचे छिद्र धरावे. त्याला ‘अ‍ॅपर्चर’ म्हणतात. ते किती वेळ उघडे राहावे हे ठरविणारी झडप म्हणजे शटर. आणि वाटीचा लहानमोठेपणा म्हणजे काचेची किंवा फिल्मची संवेदनक्षमता.

इतकी सोपी गोष्ट असूनही ती नीट मोजता यावयास माणसाला साठ-पासष्ट वर्षे लागली. आणि ती मोजता येईपर्यंत कोणाचे चित्र उमटेल आणि कोण चित्रातून नाहीसा होईल, हे माणसाच्या हाती नव्हते.

फ्रान्समधील निसेफोर निएप्स या हौशी संशोधकाने १८२६ किंवा १८२७ साली आपल्या ले ग्रा येथील घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीत कॅमेरा मांडला. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्याने डांबराच्या जातीचा एक पदार्थ पातळ करून माखला होता. जेथे प्रकाश पडे तेथे हे डांबर कडक होई. जेथे पडत नसे तेथले डांबर लॅव्हेंडरच्या तेलाने धुऊन जाई. कबुतरखाना, एका कोठाराचे उतरते छप्पर आणि दोन्ही बाजूंच्या इमारती, एवढेच त्या चित्रात ओळखू येते. त्याला आठ तास, म्हणजे वीस घटका लागल्या, असे पुष्कळ वर्षे मानले जाई; अलीकडील अभ्यासकांच्या मते कित्येक दिवस लागले असावेत. पुरावा चित्रातच आहे. समोरासमोरच्या दोन्ही इमारतींवर ऊन पडलेले दिसते. सकाळचे ऊन आणि तिसऱ्या प्रहराचे ऊन एकाच पत्र्यावर. असा प्रहर पृथ्वीवर कोठेच नसतो. हा पत्रा पुढे हरवला. १९५२ साली हेल्मुट गर्नशाइम या इतिहासकाराने तो शोधून काढला, आणि आता तो अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

निएप्स १८३३ साली वारला. त्याचा भागीदार लुई दागेर याने रुप्याचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडिनच्या वाफेवर धरून, प्रकाशात दाखवून, मग पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटविण्याची रीत शोधली. ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत तिची वार्ता जाहीर झाली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला तिची सारी कृती जगासमोर ठेवण्यात आली. वीस घटकांचे काम आता काही मिनिटांवर आले होते. दागेरने १८३८ साली आपल्या खिडकीतून बूलव्हार द्यु ताँप्ल या हमरस्त्याचे एक चित्र घेतले. रस्ता गजबजलेला होता. गाड्या, घोडे, पादचारी यांची रीघ लागलेली असणार. चित्रात मात्र तो अगदी निर्मनुष्य दिसतो. जे चालत होते त्यांच्यापैकी कोणीही एका जागी पुरेसा वेळ ठरला नाही, म्हणून कोणाचाही ठसा उमटला नाही. खालच्या कोपऱ्यात एक माणूस तेवढा ठळक उभा आहे. त्याने एक पाय उचलून ठेवला आहे, कारण तो बुटांना पॉलिश करवून घेत आहे. तारायंत्राचा जनक सॅम्युएल मोर्स त्या सुमारास पॅरिसमध्ये होता. त्याने १८३९ च्या मार्चमध्ये हे चित्र पाहिले आणि गजबजलेला रस्ता ओस कसा पडला याचे नवल आपल्या भावाला पत्रातून कळविले.

छायाचित्रात सापडलेला पहिला मनुष्य म्हणून या गृहस्थाचा उल्लेख पुस्तकांतून वारंवार येतो. त्याच्या पायाशी वाकलेल्या, ब्रश चालविणाऱ्या मुलाचा किंवा माणसाचा उल्लेख पुष्कळदा ओघात एखाद्या शब्दात उरकतात. चित्रातही तसेच झाले आहे. ज्याने उभे राहून सेवा घेतली तो स्पष्ट उमटला. ज्याचे हात चालत होते तो धूसर डाग होऊन राहिला. दोघांचीही नावे कोणास ठाऊक नाहीत. कॅमेऱ्याने पक्षपात केला असे म्हणता येणार नाही. पण मंद काचेचा हा गुणधर्म पुढे पन्नास वर्षे टिकला, हे जुनी चित्रे पाहताना ध्यानात ठेवावयास हवे. जुन्या बाजारपेठांची, घाटांची आणि किल्ल्यांची चित्रे पाहून त्या जागा उदास, रिकाम्या होत्या असे जे वाटते, ते बहुधा खरे नसते. माणसे होती. ती कामात होती, इतकेच.

एका जागी बसून चेहऱ्याचे चित्र काढवून घेणे हीही प्रारंभी शिक्षाच होती. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा लावीत. त्या काळच्या चित्रांतून कोणी हसताना दिसत नाही, त्याचे एक कारण हेच. कित्येक सेकंद हसू टिकवून धरणे नटालाही कठीण जाते. या संकटातून पहिली वाट भिंगाने काढून दिली. व्हिएन्नाचा गणिती योझेफ पेत्सव्हाल याने १८४० साली केवळ गणिताच्या बळावर एक नवे भिंग रचले. ते आकडे सोडविण्यासाठी त्याला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज असे सैनिक मदतीस मिळाले होते. आधीच्या भिंगापेक्षा या भिंगातून सुमारे पंधरा-वीसपट प्रकाश आत येई. म्हणजे वाटी तीच राहिली, बुडाचे तोंड रुंदावले. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. आजच्या भाषेत त्याचे अ‍ॅपर्चर एफ/३.६ होते, या ‘एफ’चा उलगडा पुढे येईल.

मोठ्या तोंडाला मात्र एक किंमत द्यावी लागते. छिद्र रुंद असले की ज्या अंतरावर भिंग नेमके बसविले असेल तेवढेच स्पष्ट येते. त्याच्या पुढचे आणि मागचे सारे पुसट होते. डोळे नेमके आले तर कान पुसट होतात. छिद्र बारीक केले की जवळच्या खांबापासून दूरच्या शिखरापर्यंत सारे रेखीव येते, पण वाटी भरावयास वेळ लागतो. चेहऱ्यास रुंद छिद्र सोयीचे, देवळास बारीक. म्हणून एकाच भिंगात छिद्र बदलण्याची सोय हवी होती. इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या जॉन वॉटरहाउस याने १८५८ साली ती केली. भिंगाच्या नळीला एक फट पाडून तीत वेगवेगळ्या भोकांच्या पितळी पट्ट्या सरकवावयाच्या. छायाचित्रकार या पट्ट्या खिशात बाळगी, आणि एखादी हरवली की त्या दिवशी तेवढे छिद्र त्याच्यापुरते अस्तित्वातच नसे.

शटरला अद्याप काम नव्हते. भिंगावरचे झाकण हाताने काढावयाचे, मनात आकडे मोजावयाचे, झाकण परत लावावयाचे. बोट हेच शटर आणि मन हेच घड्याळ. वेग म्हणजे काय असू शकतो हे मात्र एकाने फार लवकर दाखवून दिले होते. कागदी निगेटिव्हची रीत शोधणारा हेन्री फॉक्स टॉलबट याने १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘टाइम्स’ पत्राचा एक तुकडा गरगर फिरणाऱ्या चाकावर चिकटविला, अंधार केला, आणि विजेची एकच ठिणगी उडविली. त्या ठिणगीच्या उजेडात फिरता कागद जणू थबकलेला टिपला गेला. झाकण उघडेच होते. उजेडच क्षणभर आला नि गेला. लग्नसमारंभात आज जो फ्लॅश चमकतो त्याचे मूळ या ठिणगीत आहे. पण ठिणगी घेऊन कोणी विजापूरला जाणार नव्हता.

विजापूरला कॅप्टन थॉमस बिग्ज गेला. मुंबई सरकारने १८५५ साली या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला सरकारी छायाचित्रकार नेमले आणि विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांतील वास्तूंची चित्रे घेण्यास पाठविले. तो टॉलबटच्या धर्तीची कागदी निगेटिव्हे वापरी. तीत प्रकाश मिनिटांच्या हिशेबाने मोजावा लागे. पण गोल घुमट मिनिटभर हलत नाही, हे त्याच्या पथ्यावर पडले. इकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. सरकारी अधिकारी आणि साहेब मंडळी यांच्या बरोबरीने तीत एतद्देशीयही होते. गोव्यातील मांद्रे गावच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळावर होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. दागेरची कृती जगासमोर येऊन सोळा वर्षे होतात न होतात तोच मुंबईची मुले ती विद्या शाळेत शिकू लागली होती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

याच सुमारास काचेची रीत आली. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ साली कोलोडिअनची कृती प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट न घेता ती सर्वांस मोकळी ठेवली. स्वतः तो १८५७ साली दारिद्र्यात वारला. या रीतीत काचेवर चिकट द्रव ओतून, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे, आणि वाळण्याच्या आत काळोख्या तंबूत परत नेऊन धुवावी लागे. चित्रास आता काही सेकंद पुरत. पण उन्हाळ्यात माळव्यात किंवा दख्खनेत काच तंबूतून कॅमेऱ्यापर्यंत नेईतो सुकू लागे. वेळ हा आता दोन बाजूंनी आवळत होता. एकीकडे काच भरावयास लागणारा वेळ, दुसरीकडे काच मरावयास लागणारा वेळ.

या कसोटीतून ज्या माणसाचा हात घडला त्याची कथा इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद या तिन्ही गावांना आपली वाटावी अशी आहे. लाला दीनदयाळ १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जन्मले. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात ते अभियांत्रिकी शिकले आणि १८६६ साली इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे आणि अंदाजपत्रके हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि इंदूरच्या रेसिडेन्सीतील सर हेन्री डेली यांनी त्यांस उत्तेजन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ साली ते मध्य भारताच्या दौऱ्यावर गेले. त्या दौऱ्यातून ग्वाल्हेरचा किल्ला, सांची, दतिया, ओरछा येथील वास्तूंच्या चित्रांचा संग्रह तयार झाला आणि तो १८८६ साली ग्रंथरूपाने निघाला. मानसिंहाच्या राजवाड्याच्या भिंतीवरील निळ्या फरशांची नक्षी आणि तिच्या शेजारच्या बुरुजाची काळोखी सावली ही दोन्ही एकाच काचेवर आणणे म्हणजे काय, हे ज्याने भर दुपारी ग्वाल्हेरच्या टेकडीवर कॅमेरा उघडला आहे तोच जाणे. उन्हासाठी वेळ बेतावा तर सावली नुसती शाई होते. सावलीसाठी बेतावा तर भिंत जळून पांढरी पडते. अंधारकोठडीबाहेर उमेदवारी करून या दोहोंमधला मध्य डोळ्याने ओळखण्याची जी कला येते, तिच्यासाठी त्या काळी कोणतेही यंत्र नव्हते. अभियंत्याच्या सवयीने दीनदयाळ जागा आधी पाहून ठेवीत असावेत, असे त्यांच्या चित्रांतील उन्हाच्या तिरप्या रेषांवरून वाटते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून १८८५ साली त्यांची नेमणूक झाली. सिकंदराबादेस स्टुडिओ निघाला, पुढे १८९६ साली मुंबईसही निघाला. निजामांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. १८९२ साली हैदराबादेत त्यांनी केवळ स्त्रियांसाठी एक वेगळा स्टुडिओ उघडला. उंच भिंतींच्या आड एक इंग्रज बाई तो चालवीत आणि पुरुषांना तेथे मज्जाव असे. पडद्यातील ज्या स्त्रियांचा चेहरा परपुरुषाने पाहावयाचा नव्हता, त्यांच्यासाठी कॅमेऱ्यामागे स्त्री उभी केली, आणि त्या भिंतींच्या आत का होईना त्या प्रकाशात आल्या. बूलव्हारवरील बूट पुसणारा आणि हैदराबादच्या जनान्यातील बेगम यांत साम्य काय, असे कोणी विचारील. दोघांनाही इतिहासाच्या काचेवर येण्यास अडथळा होता. एकाचा काचेच्या मंदपणाचा, दुसरीचा रूढीचा. दीनदयाळ १९०५ साली वारले. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या.

दीनदयाळ यांच्या कारकिर्दीच्या मध्यावरच काचेने कूस पालटली. रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टराने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. चार्ल्स बेनेट याने १८७८ साली ते मिश्रण काही दिवस ऊबेत मुरू दिले तर काच कितीतरी पटींनी तेज होते असे दाखविले. दही विरजण्यासारखाच हा प्रकार. ओल्या काचेचा तंबू गेला, आणि प्रथमच हात शटर म्हणून अपुरा पडू लागला. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात झाकण काढून परत लावणे कोणालाही साधणार नव्हते. मग फळीला भोक पाडून ती भिंगासमोरून खाली पाडावयाची, रबरी पट्टीने तिची गती वाढवावयाची, अशी घरगुती शटरे निघाली.

त्याच १८७८ सालच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोडीची चित्रे घेतली. तिच्या वाटेत तारा ताणल्या होत्या. त्यांच्या झटक्याने एकेक शटर उघडे. काचा अजून ओल्या रीतीच्याच होत्या, म्हणून मागे पांढरा पडदा लावून प्रकाश वाढविला होता. प्रत्येक चित्र सेकंदाच्या दोन सहस्रांशाव्या भागाहूनही कमी वेळात घेतले, असा मायब्रिजचा दावा होता. चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात, हे त्या चित्रांनी सिद्ध केले. आणि ते पाय पसरलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात, हे पाहून शतकानुशतके पसरलेल्या पायांचे घोडे रंगविणारे चित्रकार खजील झाले. आपल्याकडे विपळाच्या साठाव्या भागाला प्रतिविपळ म्हणत. तो सेकंदाचा सुमारे दीडशेवा भाग होतो. पंचांगात तो केवळ गणितापुरता होता. आता तो डोळ्यांना दिसू लागला.

तरीही माप नव्हतेच. काचेला किती प्रकाश दिला म्हणजे ती किती काळी पडते, हे कोणी मोजले नव्हते. ते काम इंग्लंडमधील विडनेस येथील क्षार कारखान्यात नोकरी करणाऱ्या दोन मित्रांनी केले. फर्डिनांड हर्टर हा स्विस रसायनज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा अभियंता. फावल्या वेळात, मेणबत्तीच्या उजेडात, शिवणयंत्राच्या चाकावर बसविलेल्या तबकडीने प्रकाश तुकड्यातुकड्यांनी देऊन त्यांनी काचांवर काचा काळ्या केल्या आणि १८९० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी आखलेली वक्ररेषा पायऱ्या चढून जाणाऱ्या वाटेसारखी दिसते: आधी सपाटी, मग सरळ चढ, मग पुन्हा सपाटी. सपाटीवर सावल्या आणि झगमग ही दोन्ही वाया जातात. चित्र जगते ते मधल्या चढावर. छायाचित्रकारांना हे फारसे रुचले नाही. आपली कला दोन कारखानदारी नोकर गणितात बसवू पाहतात, अशी कुरकुर झाली. पण पुढच्या साऱ्या फिल्मचा पाया तोच ठरला.

भिंगाच्या छिद्रालाही त्याच सुमारास एक भाषा मिळाली. छिद्राचा नुसता व्यास सांगून भागत नाही. लांब भिंगात तेच छिद्र कमी प्रकाश देते. म्हणून भिंगाचे नाभीय अंतर छिद्राच्या व्यासाच्या किती पट आहे हे सांगावयाचे, आणि त्या पटीला ‘एफ’ अंक म्हणावयाचे. पन्नास मिलिमीटरचे भिंग आणि पंचवीस मिलिमीटरचे छिद्र म्हणजे एफ/२. छिद्र सहा-सव्वासहा मिलिमीटर केले की एफ/८. आकडा मोठा तितके छिद्र लहान, हा उलटेपणा नवशिक्याला चकवतो. अपूर्णांकात छेद वाढला की किंमत घटते हे शाळेतील गणित आठवले की तो चकवा सुटतो. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे असे वेडेवाकडे का, असेही विचारतात. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाने येतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून प्रकाश निम्मा करावयाचा तर अंक दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने गुणावा लागतो. दरेक पायरीला प्रकाश निम्मा होतो. शटरचे आकडे तर सरळच निम्मे होत जातात: साठावा भाग, एकशेपंचविसावा, अडीचशेवा. मग एफ/८ आणि एकशेपंचविसावा, एफ/११ आणि साठावा, एफ/५.६ आणि अडीचशेवा, या तिन्ही जोड्यांनी वाटी सारखीच भरते. फरक पडतो तो चित्रात. पहिली जोडी मध्यम. दुसरीत अंगण आणि दूरचा डोंगर दोन्ही रेखीव, पण धावते मूल पुसट. तिसरीत मूल स्थिर, पण डोंगर धूसर. (ही सारी बेरीज अगदी मंद प्रकाशात मोडते. ताऱ्यांची चित्रे घेणाऱ्या कार्ल श्वार्त्सशिल्ड या ज्योतिर्विदाने १९०० च्या सुमारास दाखविले की फार थोडा प्रकाश फार वेळ दिला तर काच हिशेबाइतकी भरत नाही. वाटीला जणू गळती लागते.)

वडोदऱ्याच्या कलाभवनात १८९० नंतर छायाचित्रणाचे धडे घेतलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी हीच वाटी आणखी एका तऱ्हेने भरून दाखविली. लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा आणल्यावर १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि त्याची वाढ एकेक चौकट करीत महिनाभर टिपली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता उगवून उभे राहिले. भांडवल पुरविणाऱ्यांची खात्री पटविण्यास त्या रोपाचा उपयोग झाला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. त्या कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. दांडा हळू फिरला की प्रत्येक चौकटीला प्रकाश अधिक, जलद फिरला की कमी. म्हणजे त्र्यंबक तेलंग यांचे मनगट हेच त्या चित्रपटाचे शटर होते.

सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र पुष्कळ वर्षे निवड आलीच नाही. १९०० साली निघालेल्या ब्राउनी कॅमेऱ्याला एकच शटर आणि ठरावीक छिद्र; उन्हात पाठ करून उभे राहिले की चित्र येई, नाहीतर येत नसे. वडोदऱ्यास बनत असलेला आग्फा क्लिक-३ पुढे कितीतरी मराठी घरांत आला. त्यातही निवडण्याजोगे फारसे काही नव्हते. ज्यांच्याकडे निवड होती ते अंदाजावर चालत. हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स याने १८९० साली खिशातले एक माप काढले. त्यातील प्रकाशाने काळवंडणारा कागद ठरावीक रंगावर येण्यास किती वेळ लागतो ते, साखळीचा लंबक हालवीत, मोजावयाचे. १९३२ साली वेस्टन कंपनीचे सेलेनियमचे मीटर आले, आणि प्रकाश थेट काट्यावर वाचता येऊ लागला. फिल्मच्या डबीतील कागदावर एक सोपा नियमही असे: भर उन्हात एफ/१६ ठेवावा आणि फिल्मच्या तेजाचा जो अंक असेल तितकावा भाग शटरला द्यावा. शंभर अंकाची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा किंवा जवळचा एकशेपंचविसावा भाग. हा नियम आजही खरा ठरतो.

काटा वाचून आकडे लावण्याचे काम यंत्रानेच का करू नये, हा विचार १९३८ साली कोडॅकच्या सुपर सिक्स-२० या कॅमेऱ्यात उतरला. माणसाने शटर ठरवावयाचे, छिद्र यंत्र ठरवी. किंमत २२५ डॉलर. त्या काळी अमेरिकेतही ती थोड्यांच्याच आवाक्यातली होती, आणि हजारभर नगही बनले नाहीत. १९५९ साली आग्फा ऑप्टिमाने दोन्ही आकडे स्वतःकडे घेतले. खिडकीत हिरवी खूण दिसली की कळ दाबावी, तांबडी दिसली की थांबावे. १९७७ साली मिनोल्टाने एकाच कॅमेऱ्यात छिद्र आपण ठरवावे किंवा शटर आपण ठरवावे अशा दोन्ही सोयी दिल्या आणि १९७८ च्या कॅनन ए-१ मध्ये सगळ्या एकत्र आल्या. कॅमेऱ्याच्या चकतीवर आज ‘ए’ किंवा ‘एव्ही’, ‘एस’ किंवा ‘टीव्ही’, ‘पी’ आणि ‘एम’ अशी अक्षरे असतात. ‘ए’ म्हणजे छिद्र तुमचे, वेळ यंत्राचा. ‘एस’ म्हणजे वेळ तुमचा, छिद्र यंत्राचे. ‘पी’ म्हणजे दोन्ही यंत्राचे. ‘एम’ म्हणजे दोन्ही तुमचे, आणि चूकही तुमची. ‘टीव्ही’चा दूरचित्रवाणीशी काही संबंध नाही, ते वेळेच्या मूल्याचे आद्याक्षर आहे.

यंत्राची एक खोड मात्र जाणून असावे. मीटर समोरून परत येणारा प्रकाश मोजते आणि सारे जग सरासरी मध्यम करडे आहे असे धरून चालते. पांढरेशुभ्र धोतर आणि पांढरी भिंत समोर आली तर ते छिद्र आवळते आणि धोतर मळकट येते. काळ्या भिंतीपुढे गोरा चेहरा आला तर ते छिद्र खुले करते आणि चेहरा पांढराफटक होतो. पांढऱ्या फेट्याखालचा सावळा चेहरा त्याच हिशेबाने काळवंडतो. लग्नाच्या जुन्या फोटोंत भर मांडवात वऱ्हाडाचे नुसते दात आणि डोळे दिसतात ते याचमुळे. यात केवळ यंत्राचा दोष नव्हता. रंगीत फिल्मच्या छपाईसाठी कोडॅक कंपनी १९५० नंतरच्या दशकांत नमुना म्हणून गोऱ्या स्त्रीचे चित्र प्रयोगशाळांना पाठवी, आणि रंगांचा मेळ तिच्या त्वचेवर घातला जाई. सावळी माणसे त्या नमुन्यावर जोखली जात. जुन्या गावांतील हुशार फोटोग्राफर मीटरकडे दुर्लक्ष करून चेहऱ्यासाठी छिद्र एक-दीड पायरी अधिक खुले ठेवीत, फेटा जळाला तरी चालेल म्हणत. आजच्या कॅमेऱ्यांत यासाठी अधिक-उण्याची एक कळ असते; पांढऱ्याचे प्रमाण फार असेल तर अधिकाकडे, काळ्याचे असेल तर उण्याकडे सरकवावी, की सरासरीची चूक भरून निघते.

बहुतेकांच्या हाती आता कॅमेरा म्हणजे मोबाईल फोन असतो, आणि बहुतेक फोनच्या भिंगाचे छिद्र बदलता येत नाही. ब्राउनीच्या पेटीप्रमाणेच ते एका मापाचे असते. बदलतो तो वेळ आणि आतल्या संवेदकाची तेजी. रात्रीच्या अंधारात फोन एकामागून एक अनेक चित्रे घेतो आणि ती एकत्र मिसळून वाटी भरतो. तेवढ्यात जो हलतो तो त्या मिसळीत पुसट होतो. पडद्यावर फोन स्थिर धरण्याची सूचना येते आणि दोन-तीन सेकंद हात आवरून उभे राहावे लागते. ओल्या काचेसमोर, डोक्यामागे लोखंडी चिमटा लावून बसणाऱ्या माणसालाही चांगला उजेड असला तर जवळजवळ तेवढाच वेळ श्वास आवरून धरावा लागत असे.